राजकोटहून गुहागरपर्यंत जुना मिनी ट्रॅक्टर आणायचा आहे : वाहतूक कशी ठरवावी?

खाचरवाला

नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात आमची थोडी भातशेती आणि नारळ-सुपारीची वाडी आहे. खाचरे लहान आहेत, वाडीत दोन झाडांमधून मोठा ट्रॅक्टर वळत नाही, म्हणून २४ अश्वशक्तीच्या आसपासचा मिनी ट्रॅक्टर घ्यावा असे घरात ठरले. नवा घेणे आवाक्याबाहेर आहे आणि आपल्याकडे जुना मिळालाच तर तो वर्षानुवर्षांच्या चिखलणीने पिचलेला असतो. सौराष्ट्रात कापूस आणि भुईमुगाच्या आंतरमशागतीसाठी असे छोटे ट्रॅक्टर मोठ्या प्रमाणावर वापरतात. एका नातेवाइकांच्या ओळखीने राजकोट जिल्ह्यातल्या गोंडलजवळच्या एका शेतकऱ्याकडचा ट्रॅक्टर रोटाव्हेटरसह (मागे जोडायचे माती भुसभुशीत करणारे अवजार) पाहून आलो, चालवून बघितला आणि विसारही देऊन आलो.

अडचण पुढे आहे. तिथून आमचे गाव सुमारे हजार किलोमीटर. एका वाहतूकदारांनी सांगितलेले भाडे ऐकून ट्रॅक्टर स्वस्तात पडल्याचा आनंद मावळला. मृग लागण्याआधी ट्रॅक्टर दारात हवा. भाडे कसे ठरवावे, कागद कोणते सोबत असावेत आणि उतरवण्याची सोय काय करावी, याबद्दल अनुभवी सभासदांनी कृपया मार्गदर्शन करावे.

हापूसपेटी

आपल्याला सांगितलेले भाडे बहुधा जाण्यायेण्याचे असणार. चौदा फुटी गाडी भरल्यावर लिटरला सहा ते आठ किलोमीटर देते असे धरले, तर हजार किलोमीटरला सव्वाशे ते एकशे सदुसष्ट लिटर डिझेल लागते. डिझेल लिटरला नव्वदीच्या आसपास आहे, तेव्हा एका फेरीचे नुसते इंधनच अकरा ते पंधरा हजारांत जाते. त्यावर टोल, चालक-क्लीनरचा भत्ता आणि मालकाचा नफा. आता गुजरातमधली गाडी गुहागरला आली, तर परत जाताना तिला इथे कोणता माल मिळणार? मिळणार नाही, हे तिचा मालक जाणतो आणि रिकाम्या परतीचा खर्च तो आपल्याच बिलात धरतो.

म्हणून गाडी तिकडची बघू नका, इकडची बघा. सध्या हंगाम आहे. रत्नागिरी, गणपतीपुळे, देवगड या पट्ट्यातून आंब्याच्या पेट्या घेऊन गाड्या वाशीला जातात, तशा काही सुरत आणि अहमदाबादलाही जातात. पेट्या उतरल्या की चालकाला परतीची घाई असते, कारण इथे दुसरा माल तोडून तयार असतो. अशा गाडीला वाटेत एखादा ट्रॅक्टर मिळाला तर तो तिला वरकड फायदाच आहे आणि भाड्यात घासाघीस करायला आपल्याला जागा राहते. अट एकच, ही गाडी आपल्यासाठी गोंडलच्या आडगावात वळणार नाही. ट्रॅक्टर अहमदाबादला, फार तर राजकोटच्या बाहेरच्या महामार्गावर, आदल्या दिवशी आणून ठेवावा लागेल. तेवढ्यासाठी स्थानिक पिकअप करा. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आंबा संपला की ही सोय संपते, हेही लक्षात असू द्या.

घाटावरचा पाव्हणा

एवढ्या लांब जाण्याची गरजच काय होती, असा प्रश्न पडतो. कराड, सांगली, अकलूज या भागांत जुन्या ट्रॅक्टरांचे व्यवहार बारमाही चालतात. कराडहून कुंभार्ली घाट उतरला की चिपळूण. ट्रॅक्टर स्वतः चालवत एका दिवसात आणता आला असता.

खाचरवाला

आपले म्हणणे रास्त आहे आणि मी तिकडेही चौकशी केली होती. मात्र उसाच्या पट्ट्यात बहुतेक व्यवहार मोठ्या ट्रॅक्टरांचे होतात. जो एक मिनी आवडला, त्याची किंमत सौराष्ट्रातल्या ट्रॅक्टरपेक्षा बरीच अधिक होती आणि मालक रोटाव्हेटर द्यायला तयार नव्हते. आता विसार दिला आहे, तेव्हा मागे फिरणे नाही.

याच ओघात विचारतो. राजकोटहून तो चालवतच आणावा, असा सल्ला गावातल्या एका उत्साही तरुणाने दिला आहे. तो स्वतः जायलाही तयार आहे.

मिस्त्री

त्या तरुणाचा उत्साह चिखलणीसाठी राखून ठेवावा. ट्रॅक्टरचा वेग ताशी पंचवीस-तीस किलोमीटर. हजार किलोमीटरच्या डांबरावर मागच्या टायरांच्या नक्षीची झीज होईल, ती शेतातल्या दोन-तीन हंगामांतही होत नाही. शिवाय वसईपासून पनवेलपर्यंतच्या अवजड रहदारीत, रात्रीच्या वेळी, मागचा दिवा धड नसलेले वाहन घेऊन जाणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. ट्रॅक्टर गाडीवर चढवूनच आणावा.

कोणती गाडी, हे वजनावरून ठरवा. या ताकदीच्या मिनी ट्रॅक्टरांचे वजन साधारण साडेसहाशे ते नऊशे किलो असते. त्यात रोटाव्हेटरचे दोन-अडीचशे किलो मिळवले तरी टनाच्या थोडे मागेपुढे होते, म्हणजे वजनाच्या दृष्टीने मोठी पिकअपसुद्धा चालते. प्रश्न लांबीचा येतो. पिकअपचा हौदा आठ-नऊ फुटांचा आणि ट्रॅक्टर एकटाच साडेआठ फुटांच्या घरात. मागे रोटाव्हेटर जोडलेला ठेवला तर फाळका, म्हणजे हौद्याचे मागचे दार, लागणार नाही आणि माल बाहेर लोंबकळत राहील. त्यामुळे रोटाव्हेटर सोडवून आडवा, बाजूला किंवा पुढे बांधावा लागेल. चौदा फुटी हौद्यात ही कसरत करावी लागत नाही.

निघण्यापूर्वी एक गोष्ट जरूर तपासा. मागच्या टायरांत पाणी भरलेले आहे का, हे विक्रेत्यांना विचारा. पकड यावी म्हणून अनेक जण ते भरतात आणि सांगायचे विसरतात. मिनीच्या टायरात ते फार नसते, पण ते वजन फुकट वाहून आणण्यात अर्थ नाही आणि ट्रॅक्टर चढवताना ते त्रासाचेच ठरते.

कागदोपत्री

वाहन नोंदणीच्या कामात माझे आयुष्य गेले, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. ट्रॅक्टर निघण्याआधी कागद निघाले पाहिजेत. बहुतेक लोक नेमके याच्या उलट करतात, ट्रॅक्टर आणून दारात उभा करतात आणि मग ना हरकत दाखल्यासाठी विक्रेत्यांच्या मागे वर्षभर फोन करत बसतात. पूर्ण पैसे हातात पडल्यावर हजार किलोमीटरवरचा माणूस आपल्यासाठी आरटीओच्या खेपा का घालेल?

आपला ट्रॅक्टर गुजरातच्या क्रमांकाचा आहे. तो महाराष्ट्रात कायम ठेवायचा तर मूळ नोंदणी कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. त्याचा अर्ज नमुना २८ मध्ये करतात. मालकी हस्तांतरासाठी नमुना २९ आणि ३० यांवर विक्रेत्यांच्या सह्या घ्याव्या लागतात. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला असेल आणि नोंदणी प्रमाणपत्रावर बँकेचा बोजा दिसत असेल, तर तो आधी उतरवून घ्या. त्यासाठी नमुना ३५ आणि बँकेचे पत्र हवे. कर्ज फिटले आहे असे तोंडी सांगणाऱ्यांचे खरेही असते, पण प्रमाणपत्रावरचा बोजा आपोआप जात नाही. एमपरिवहन अ‍ॅपवर क्रमांक टाकून नोंदणीची मुदत, विमा आणि बोजा हे तपशील घरबसल्या पाहता येतात. सांगाड्यावरचा आणि इंजिनावरचा क्रमांक मात्र प्रत्यक्ष चुना-खडू घासून वाचावा आणि प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर ताडून बघावा. ट्रॅक्टर सरकारी अनुदानावर घेतलेला असेल, तर ठरावीक मुदतीत विकणार नाही असे हमीपत्र मालकाने दिलेले असू शकते, तेही विचारून घ्या.

शेतीचा ट्रॅक्टर हे कायद्याने बिगर-परिवहन वाहन आहे, त्यामुळे त्याची नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. पंधरा वर्षे भरत आली असतील तर किंमत ठरवताना त्याचा विचार व्हायला हवा. दुसऱ्या राज्यातले वाहन बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ इथे ठेवायचे असेल तर इथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी नमुना २७ भरून रत्नागिरीच्या कार्यालयात अर्ज करावा, म्हणजे एमएच ०८ मालिकेतला क्रमांक मिळेल. विमा आपल्या नावावर करून घेण्याचा अर्ज हस्तांतरानंतर चौदा दिवसांत करायचा असतो.

माझा सल्ला असा की एकूण रकमेतला डोळ्यांत भरेल एवढा भाग ना हरकत दाखला हातात येईपर्यंत राखून ठेवावा आणि तसे विक्रीच्या करारात लिहून घ्यावे. सज्जन विक्रेते याला हरकत घेत नाहीत.

खाचरवाला

आपले मनापासून आभार. अहमदाबादहून येणाऱ्या गाडीचे मालक ई-वे बिल (माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद) मागत आहेत. मी साधा शेतकरी, विक्रेतेही शेतकरी. जीएसटी क्रमांक दोघांकडेही नाही.

कागदोपत्री

माल पन्नास हजारांहून अधिक किमतीचा असला की ई-वे बिलाचा विषय येतो हे खरे. तथापि, नोंदणी नसलेली व्यक्ती स्वतःचा माल हलवत असेल, तर ते बिल काढणे तिच्या किंवा वाहतूकदाराच्या इच्छेवर आहे, सक्ती नाही. तरीही रस्त्यात वाद घालण्यापेक्षा ते काढून घेतलेले बरे. पोर्टलवर सामान्य नागरिकासाठी सोय आहे आणि वाहतूकदारही काढून देऊ शकतात. त्याची मुदत दर दोनशे किलोमीटरला एक दिवस या हिशेबाने मिळते, म्हणजे आपल्या अंतराला पाच दिवस पुरेसे आहेत. आपण ट्रॅक्टर एखाद्या दलालाच्या पेढीकडून घेतला असता आणि ती नोंदणीकृत असती, तर बिल काढण्याची जबाबदारी तिच्यावर आली असती.

गाडीसोबत विक्रीपत्र, नोंदणी प्रमाणपत्राची प्रत, विक्रेत्यांच्या आणि आपल्या ओळखपत्रांच्या प्रती आणि बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराची माल नोंदवल्याची पावती, असू द्यावी. बिल्टीवर ट्रॅक्टरची खरी किंमत लिहायला लावा. ती लिहिली नाही आणि जादा जोखमीचा दर ठरवला नाही, तर माल खराब झाल्यास वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपुरतीच राहते. भाडे स्वस्त मिळाले असेल तर ही मर्यादाही तेवढीच लहान होते. "माल मालकाच्या जबाबदारीवर" असा शिक्का दिसला तर तो खोडायला सांगा. नुकसानीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. आणखी एक, ट्रॅक्टरचा स्वतःचा वाहन विमा म्हणजे प्रवासातल्या मालाचा विमा नव्हे. तो वेगळा घ्यावा लागतो आणि एकाच फेरीपुरताही मिळतो.

सह्याद्रीपलीकडे

कोकण रेल्वेची रो-रो सेवा आहे ना? गाडीच रेल्वेवर चढवली तर घाट आणि खड्डे दोन्ही चुकतील.

हापूसपेटी

ही सेवा २६ जानेवारी १९९९ रोजी सुरू झाली आणि कोलाडला भरलेले ट्रक चढवून ते गोव्यात वेर्ण्याला आणि तिथून पुढे सुरतकलला नेते. सावंतवाडी किंवा बांद्याकडच्या माणसाने वेर्ण्याहून उलटे वर येण्याचा विचार करावा. गुहागरसाठी ती उपयोगाची नाही, कारण मधे चिपळूणला ट्रक उतरवत नाहीत. शिवाय कशेडीचा बोगदा झाल्यापासून पोलादपूर ते खेड हा टप्पा पूर्वीसारखा राहिलेला नाही. परशुराम घाटात मात्र पावसात दरड येण्याची धास्ती अजूनही असते, म्हणून सांगतो, मे ओलांडू नका. जून हुकला तर गणपतीपर्यंत थांबू असेही म्हणू नका, कारण त्या दिवसांत दरवर्षी महामार्गावर अवजड वाहनांना बंदी घालतात.

दापोलीची वहिनी

खाचरवाले भावोजी, आमच्या घरीही असाच ट्रॅक्टर घेण्याचे चालले आहे आणि माझ्या दिरांनी राजकोटजवळचाच एक पसंत केला आहे. चौदा फुटी हौद्यात दोन मिनी ट्रॅक्टर बसत नाहीत, पण मोठी गाडी केली तर भाडे वाटून घेता येईल. गाडी दापोलीपर्यंत आणावी. तिथे दोन्ही उतरवावेत आणि आपला ट्रॅक्टर दाभोळला फेरीबोटीत घालून धोपाव्याला उतरवावा. धोपावे आपल्याच तालुक्यात येते. चिपळूणचा वळसा वाचेल.

खाचरवाला

वहिनी, कल्पना चांगली आहे. गाडी मोठी मिळाली तर नक्की तसे करू. फेरीबोटीचे मात्र भरती-ओहोटी पाहून ठरवावे लागेल.

मिस्त्री

भरती-ओहोटीचा मुद्दा बरोबर आहे. ओहोटीला जेटीचा उतार तीव्र होतो आणि शेवाळाने निसरडाही असतो. पाणी चढलेले असताना ट्रॅक्टर पहिल्या गिअरमध्ये उतरवावा.

पण माझ्या मते या साऱ्या प्रवासात खरा धोका हजार किलोमीटरांत नाही, तो पहिल्या आणि शेवटच्या बारा फुटांत आहे. सौराष्ट्रातल्या मार्केट यार्डांत गाडी लावायला धक्के असतात, तिथे चढवणे सोपे जाईल. आपल्या वाडीत काय आहे? चौदा फुटी गाडीचा हौदा जमिनीपासून साडेतीन फुटांवर. चिऱ्यांचा थर लावून त्यावर फळ्या टाकायचा मोह अनेकांना होतो. जांभा दगड दाबाला टिकतो, पण कडेवर चाकाचा भार आला की कोपरा ढासळतो, फळी सरकते आणि ट्रॅक्टर कलंडतो. असे मी डोळ्यांनी पाहिले आहे. चालकाचा पाय थोडक्यात वाचला होता.

त्याऐवजी कोकणाच्या जमिनीचा उपयोग करून घ्या. आपल्याकडे सपाटी नाही, पण बांध जागोजागी आहेत. रस्त्याला लागून असलेले, हौद्याच्या उंचीचे एखादे कुणगे, म्हणजे लहान खाचर, शोधा, त्याचा बांध पक्का असेल तर गाडी मागे घेऊन फाळका त्यावर टेकवा आणि मधे फक्त हातभर फळी टाका. असे कुणगे नसेल तर भातगिरणीचा किंवा आंब्याच्या पॅकिंग शेडचा धक्का दोन तासांसाठी मागून घ्यावा. कोणी नाही म्हणत नाही. उतरंडच करायची वेळ आली तर प्रत्येक फुटाच्या उंचीला निदान तीन-चार फूट लांबी धरा, म्हणजे साडेतीन फुटांच्या हौद्याला बारा फुटांची घट्ट मातीची उतरंड लागते.

चढवताना ट्रॅक्टर मागे घेत चढवा, म्हणजे जड मागचा भाग चढाच्या बाजूला राहतो आणि पुढची चाके उचलली जात नाहीत. उतरवताना मग तो तोंडाकडून सरळ उतरतो. डाव्या-उजव्या ब्रेकचे पेडल एकत्र जोडणारी खीळ आधी बसवा. शेतात ती काढलेली असते आणि उतरंडीवर एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन फिरतो. उतारावर मध्येच क्लच दाबू नका.

बांधताना पुढच्या आणि मागच्या आसाला साखळी घ्या. स्टिअरिंगच्या दांडीला किंवा बॉनेटवरून दोर घेऊ देऊ नका. क्लीनर घाईत तेच करतात, कारण तिथे हात पटकन पोचतो. चारही चाकांना लाकडी ओट (चाक सरकू न देणारे ठोकळे) ठोका, हातब्रेक लावा, गिअरमध्ये ठेवा, बॅटरीची तार काढा आणि सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला, नाहीतर वाटेत वळवाची सर आली तर पाणी थेट इंजिनात जाते. साखळी पहिल्या तासाभरात सैल पडते, कारण टायर बसतात. चालकाला पहिल्या चहाच्या थांब्यावर ती पुन्हा आवळायला सांगा आणि त्याचा फोटो मागून घ्या. छत्री असेल तर काढून ठेवा. महामार्गावर ती त्रास देत नाही. आपल्या गल्ल्यांतल्या आंब्या-फणसाच्या फांद्या तिला सोडत नाहीत.

खाचरवाला

मंडळी, ट्रॅक्टर आला. वहिनींच्या दिरांचा व्यवहार लांबणीवर पडला, त्यामुळे आमचा एकट्याचाच आणावा लागला. अहमदाबादला पेट्या उतरवून परतणारी चौदा फुटी गाडी मिळाली. आधी सांगितलेल्या भाड्याच्या निम्म्याहून कमी पैशांत काम झाले, मात्र गोंडलहून अहमदाबादपर्यंतच्या पिकअपचे आणि दोन्हीकडच्या वाराईचे, म्हणजे चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचे, पैसे धरले तर बचत थोडी खाली येते, हे पुढच्यांनी हिशेबात घ्यावे. गाडीचे चालक राजापूरचे असल्याने बोलणे सोपे गेले. उतरवण्यासाठी शृंगारतळीजवळच्या एका शेडचा धक्का मिळाला आणि तिथून घरापर्यंत ट्रॅक्टर चालवत नेला. बॉनेटवर एक ओरखडा आहे, तो चढवतानाच आला असावा. निघण्याआधीचे फोटो काढलेले नव्हते, म्हणून भांडलो नाही.

ना हरकत दाखल्याचा अर्ज विक्रेत्यांनी केला आहे आणि राखून ठेवलेली रक्कम अजून माझ्याकडेच आहे. एक शंका उरली आहे. दाखला येईपर्यंत ट्रॅक्टर शेतात वापरला तर चालेल का?

कागदोपत्री

आपल्या शेतात वापरण्यास अडचण नाही. सार्वजनिक रस्त्यावर काढताना चालू विमा, मूळ नोंदणी प्रमाणपत्र आणि विक्रीपत्र सोबत ठेवा. दाखला आल्यावर रत्नागिरीला तपासणीसाठी ट्रॅक्टर दाखवायला सांगतील, तेव्हा तो चिखलातून थेट नेऊ नका, सांगाड्यावरचा क्रमांक वाचता येईल इतका धुऊन न्या. त्याच वेळी नव्या क्रमांकाच्या उच्च सुरक्षा पाटीची नोंदही करून टाकावी, दोन खेपा होत नाहीत.